जळगावात बसून कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीत पीएच.डी.: नेटपासून मान्यतेच्या पत्रापर्यंत

ऑगस्ट २०२४ मध्ये पीएच.डी. मिळाल्याची अधिसूचना निघाली आणि जून २०२५ मध्ये सहायक प्राध्यापक म्हणून मान्यतेचं पत्र हातात पडलं. तेव्हापासून धुळे, शिरपूर, शहादा, भुसावळ अशा सगळीकडून फोन येतात. बहुतेक जण एमबीए करून कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवणारे. प्रश्न ठरलेले असतात. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आधी की पीएच.डी. आधी, गाइड कसा मिळतो, खर्च किती. आणि सगळ्यात शेवटी जरा चाचरत विचारलेला प्रश्न: "मॅडम, कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी म्हणजे मुंबई-बंगळुरूचं काम, तुम्ही इथून कसं केलंत?" हे फोनवर सांगून होत नाही, म्हणून क्रमानं लिहिते.

माझं माहेर अमळनेर, सासर जळगाव. एमबीए झाल्यावर एका विनाअनुदानित संस्थेत महिना पंधरा हजारांवर शिकवायला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार नसायचा. प्रत्येक जूनमध्ये नवी ऑर्डर निघेल का, ही धाकधूक ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पहिली पायरी नेट. मी डिसेंबर २०१८ ची परीक्षा दिली. एनटीएने, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, घेतलेली ती पहिली नेट, आणि ती संगणकावर होती. मॅनेजमेंटचा विषय क्रमांक १७. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. आपल्या लोकांची दांडी पहिल्या पेपरात उडते, कारण सगळा अभ्यास दुसऱ्याचा केलेला असतो. मी रोज सकाळी घरचं आवरायच्या आधी तासभर फक्त पहिल्या पेपरचे जुने प्रश्न सोडवायचे. जानेवारीत निकाल लागला आणि पास झाले.

एमबीएला शिकवायला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमात नेट लागत नाही, मग ती कशाला द्यायची, असं बरेच जण विचारतात. माझ्यापुरतं उत्तर असं, की नेट असल्यामुळे आपल्या जळगावच्या विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, द्यावी लागली नाही, थेट मुलाखत. आता तर जून २०२४ पासून नेटच्या निकालातच तीन गट केले आहेत आणि तिसरा गट फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरणाऱ्यांचा आहे. सेट, म्हणजे राज्याची तशीच परीक्षा, देणार असाल तर ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि काही विषयांत मराठीतूनही देता येते, हे लक्षात असू द्या.

गाइड शोधायला मला नेटपेक्षा जास्त दम लागला. माणसं चांगली होती, पण जागा मोजक्या असतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. खानदेशात मॅनेजमेंटचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आधीच थोडे, त्यातले बरेच भरलेले. त्यामुळे "सर, मला घ्याल का" एवढाच प्रश्न घेऊन जाण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मार्गदर्शकांची आणि रिक्त जागांची यादी असते, ती आधी पाहा, त्यांच्याकडचे जुने शोधप्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, उघडून वाचा आणि दोन पानांचा विषय लिहून घेऊन जा. माझ्या सरांनी ती दोन पानं वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे बिझनेस स्ट्रॅटेजीचं झालं. कॉर्पोरेटचं नाही."

हा फरक या विषयात येणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी पक्का करावा. डाळ विकताना शेजारच्या मिलपेक्षा आपला माल जास्त कसा खपेल, हा बिझनेस स्ट्रॅटेजीचा प्रश्न. डाळच करायची, की बेसन, पशुखाद्य, पाइप, पेट्रोल पंप यांतही उतरायचं, आणि उतरायचं तर त्या सगळ्यांना एका मालकाखाली ठेवण्यात फायदा काय, हा कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीचा. म्हणजे कंपनी किती मोठी आहे याचा इथे संबंध नाही. एकाहून जास्त धंदे असले की प्रश्न उभा राहतो.

सर पुढे म्हणाले, "तू अमळनेरची ना? मग विषय शोधत कशाला फिरतेस?" त्यांना विप्रो म्हणायचं होतं. १९४५ साली स्थापन झालेली ही कंपनी अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून उभी राहिली. तेलाच्या धंद्यातून साबण येणं समजण्यासारखं आहे, कच्चा माल आणि दुकानदार तेच. पण १९६६ मध्ये अझीम प्रेमजींनी सूत्रं हाती घेतल्यावर कंपनी हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकात गेली. तूप आणि संगणक यांचा एकमेकांशी काय संबंध? प्रल्हाद आणि हॅमेल या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलं, की कंपनीनं आपल्या गाभ्याच्या क्षमतेभोवतीच धंदे उभारावेत. त्या मापानं ही उडी अवघडच वाटते. पण १९७७-७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली आणि बाजारात मोठी पोकळी पडली. शिवाय खन्ना आणि पलेपू या अभ्यासकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की जिथे भांडवल, कसलेले व्यवस्थापक आणि विश्वासाचं नाव या तिन्ही गोष्टी बाजारात सहज मिळत नाहीत, तिथे ज्या घराण्याकडे त्या आहेत ते कुठल्याही धंद्यात त्या वापरू शकतं. अमळनेरात विप्रोचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली घरं आहेत. लहानपणी आम्ही त्या कारखान्यावरून रोज जायचो, आणि त्याच्या आत आपल्या विषयातला एवढा मोठा प्रश्न आहे हे मला त्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये कळलं. अंगावर काटा आला होता.

विप्रोवर भरपूर लिहून झालेलं आहे, म्हणून मी तो प्रश्न घेऊन जळगावच्या डाळ मिलवाल्यांकडे आले. कुटुंबाच्या मालकीचे उद्योग एका धंद्यातून दुसऱ्यात कसे जातात, असा विषय ठरला.

२०१९ च्या पावसाळ्यात अर्ज भरला आणि दिवाळीच्या आसपास संशोधन व मान्यता समितीपुढे, म्हणजे आरआरसीपुढे, सादरीकरण झालं. विद्यापीठ बांभोरीला गिरणेच्या पुलाजवळ. अमळनेर-धरणगावकडून येणाऱ्यांनी जळगावपर्यंत जायचं नाही, आधीच गेटवर उतरायचं. समितीनं सगळ्यात आधी हेच विचारलं, की हे लघुउद्योग आहेत, यात कॉर्पोरेट कुठे आहे? वर सांगितलेला फरक मी त्यांना तसाच सांगितला आणि शीर्षकात दोन शब्द बदलून विषय मान्य झाला. कागदपत्रांत गाइडचं संमतिपत्र, संशोधन केंद्राचं पत्र, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत, मायग्रेशन, गुणपत्रकं आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागतो. मुलींनो, हा शेवटचा कागद अर्जाच्या आधी काढून ठेवा. माझ्याबरोबरच्या एकीचं सगळं त्यावाचून अडलं होतं.

नोंदणीचं पत्र जानेवारी २०२० मध्ये मिळालं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. कोर्सवर्क घरूनच झालं. संशोधन पद्धती, संगणक, विषयाचा पेपर. त्यात ५५ टक्के लागतात. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा असतो, तो सल्लागार समितीपुढे मांडून सही घ्यायची. यात खंड पडू देऊ नका, कारण प्रबंध देताना सगळे अहवाल सलग लागतात. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना त्यावर दोन वर्षं वाढवून मिळू शकतात आणि बाळंतपण किंवा मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हे नियमातच आहे, अर्ज करायला संकोचू नका.

आता माहिती गोळा करण्याकडे येते, कारण आपल्याकडचे निम्मे लोक इथे थांबतात. मोठ्या शहरांतले संशोधक कंपन्यांच्या तयार डेटाबेसवर काम करतात. त्याची वर्गणी आपल्या संस्थेला परवडत नाही आणि परवडली तरी त्यात जळगाव एमआयडीसीतली मिल सापडणार नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मार्ग आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एका कंपनीचे १०० रुपये भरले की तिचे दाखल केलेले कागद ठरावीक काळ उघडे राहतात, तेवढ्यात उतरवून घ्यायचे. एओसी-४ या फॉर्ममध्ये ताळेबंद असतो. पण आपल्या विषयासाठी खरी चीज आहे एमजीटी-७, म्हणजे वार्षिक विवरणाचा फॉर्म, कारण त्यात कंपनीचे मुख्य धंदे कोणते आणि उलाढालीत प्रत्येकाचा वाटा किती टक्के, ते लिहावं लागतं. छोट्या कंपन्यांसाठी तोच फॉर्म एमजीटी-७ए नावानं असतो.

पण बहुसंख्य मिल भागीदारीतल्या. त्यांचे आकडे कुठेच जाहीर नसतात. मी आखीव प्रश्नावली घेऊन गेले, त्यात 'गेल्या तीन वर्षांची विभागवार उलाढाल' असा तक्ता होता. अमळनेर तालुक्यातूनच इकडे आलेल्या एका भागीदारानं तो पाहिला, बाजूला सारला आणि अहिराणीत म्हणाला, "ताई, तुले काय जोयजे ते तोंडी इचार. पन बॅलन्सशीट मांगू नको." मी विचारलं, की रुपया कमावता तेव्हा त्यात डाळीचे आणे किती? तो क्षणभरही थांबला नाही. डाळीचे दहा, बेसनाचे तीन, चुनीचे दोन, भाड्याचा एक. बेरीज सोळा.

तिथून पुढे मी सगळीकडे आणेच विचारले. ज्यांना टक्केवारी सांगताना हात आखडता घ्यावासा वाटायचा, ते आणे मोकळेपणानं सांगायचे; जुने मुनीमजी तर वही न उघडता सांगायचे. रुमेल्ट या अभ्यासकानं १९७४ मध्ये कंपन्यांचं जे वर्गीकरण केलं त्यात सगळ्यात मोठ्या धंद्याचा वाटा ९५ टक्क्यांवर असेल तर कंपनी एकाच धंद्यातली, ७० ते ९५ असेल तर एक धंदा वरचढ असलेली, आणि ७० च्या खाली असेल तर विविध धंद्यांची धरतात. आण्यांत मांडलं तर साधारण पंधराच्या वर, अकरा ते पंधरा आणि अकराच्या खाली. गणित जवळपास चपखल बसलं. जिथे प्रायव्हेट लिमिटेड होती तिथे तोंडी सांगितलेले आणे एमजीटी-७ मधल्या टक्क्यांशी ताडून पाहिले. फरक फार नव्हता. ही पडताळणी मी प्रबंधात स्वतंत्र प्रकरण करून दिली, आणि तिनंच पुढे मला तारलं.

जायची वेळही सांभाळावी लागते. जानेवारीपासून नवी तूर येते, मग हरभरा, त्यात मार्चअखेरचे हिशोब. त्या दिवसांत कुणाला वेळ नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये जा, दुपारी चारनंतर. तूर तेल लावून उन्हात पसरलेली असते, आकाश भरून आलं की मालकासकट सगळे ती गोळा करायला धावतात. तेव्हा मुलाखत बाजूला ठेवून तुम्हीही ताडपत्रीचं टोक धरा.

निष्कर्ष इथे सगळे सांगत नाही, एकच सांगते. डाळीतून बेसन, चुनीतून पशुखाद्य ही वाट पुस्तकात सांगितल्यासारखी होती. पण पीव्हीसी पाइप, प्लास्टिक चटई, मंगल कार्यालय अशा दूरच्या धंद्यात उतरण्याचं कारण बऱ्याच ठिकाणी बाजारात नव्हतं, घरात होतं. दोन मुलगे असले की दुसरं युनिट आधीच ठरलेलं असायचं, म्हणजे उद्या वाटणी करताना भिंत घालावी लागणार नाही. विविधीकरणाच्या पाठ्यपुस्तकात कारणांची यादी असते, तिच्यात हे कारण ठळकपणे लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं.

माझी नोंदणी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमांखालची, त्यामुळे प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं बंधनकारक होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले, त्यात ही सक्ती नाही. आधी नोंदणी झालेल्यांना जुनेच लागू राहिले. शोधनिबंधाच्या वेळी मला 'तीन दिवसांत छापून देतो, चार हजार पाठवा' असे मेसेज रोज यायचे. त्यांना उत्तर दिलं नाही. खऱ्या नियतकालिकानं तब्बल दहा महिने घेतले, दोनदा दुरुस्त्या सांगितल्या आणि एक पैसा घेतला नाही. त्या दुरुस्त्यांमुळे प्रबंधाचं तिसरं प्रकरण सुधारलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये प्रबंधपूर्व सादरीकरण झालं. मग साम्य तपासणी. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतला मजकूर त्यात धरत नाहीत. मात्र स्वतःचाच छापून आलेला निबंध साम्यात दिसू शकतो, त्यासाठी निबंधाची प्रत आणि गाइडचं पत्र सोबत जोडा. डिसेंबर २०२३ मध्ये प्रबंध सादर केला. छपाई, रंगीत पानं आणि कापडी बांधणी मिळून नऊ हजार गेले. विद्यापीठाची फी सोडून चार वर्षांत एकूण खर्च पासष्ट हजारांच्या घरात गेला, त्यात सगळ्यात मोठा वाटा परिषदांच्या नोंदणीचा आणि प्रवासाचा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा शेवटच्या वर्षात चांगला हातभार लागला. फीचे आकडे मुद्दाम देत नाही, ते बदलतात. चालू परिपत्रक पाहा.

मग वाट पाहणं. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, ते आपापल्या सवडीनं वाचतात, आणि हे सगळीकडे असंच चालतं. फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं होतं, माहेरी गर्दी, मांडवात ओळखीची माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडी "झालं का गं पीएच.डी.?" हे महिने मनावर येतात. झोप उडते. नवऱ्यानं त्या काळात एक नियम केला होता, की घरात विषय मी काढला तरच निघायचा. त्याचा फार उपयोग झाला. तुमच्या घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

जुलै २०२४ मध्ये मौखिकी झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. दोन मिलमालक पांढरे कडक कपडे घालून मागच्या रांगेत बसले होते. बाहेरच्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न आण्यांवर आला: "माणसाच्या अंदाजाला तुम्ही डेटा म्हणता?" मी पडताळणीचा तक्ता उघडला, एकेक कंपनी दाखवली, जिथे फरक जास्त होता तिथे का होता तेही सांगितलं. एका ठिकाणी भाडं कंपनीच्या नावे नव्हतं, मालकाच्या पत्नीच्या नावे होतं, म्हणून आणे जुळत नव्हते. परीक्षक हसले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. व्हायव्हाला उत्तर पाठ करून जाऊ नका. आपल्या माहितीतली कमजोर जागा कुठे आहे, ती स्वतः आधी शोधून तिच्यावर तयारी करा.

अधिसूचनेआधी प्रबंधाची पीडीएफ शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटसाठी द्यावी लागते, ती तिथे चढते. अधिसूचना मिळाली की त्याच फेरीत प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आणि 'पीएच.डी. यूजीसीच्या अमुक साली केलेल्या नियमांनुसार दिली आहे' असं प्रमाणपत्र, या दोन्हींचे अर्ज द्या. दुसऱ्या प्रमाणपत्राची आठवण कुणी करून देत नाही, आणि नोकरीच्या छाननीत पहिलं तेच मागतात.

नोकरीचं थोडक्यात. जाहिरात, छाननी, निवड समितीपुढे मुलाखत, मग विद्यापीठाची मान्यता. तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक वर्षाची नेमणूक ऑर्डर, रुजू अहवाल आणि पगार जमा झाल्याचं बँकेचं विवरण माझ्याकडे क्रमानं लावलेलं होतं, त्यामुळे छाननीत काही राहिलं नाही. तरी तो अनुभव पुढे धरतात की नाही हे नेमणूक आणि मोबदला कसा होता त्यावर ठरतं, म्हणून त्याच्या भरवशावर हिशोब मांडू नका. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन कागदावर लेव्हल १० मध्ये ५७,७०० पासून सुरू होतं. विनाअनुदानित संस्थेत हातात किती येणार, हे मुलाखतीतच स्पष्ट विचारा. मी विचारलं, त्यांनी आकडा सांगितला आणि तो ऑर्डरवर लिहूनही दिला. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएसही एआयसीटीईच्या मान्यतेखाली आले आहेत, त्यामुळे जाहिरात वाचताना पात्रता कोणत्या नियमांची लावली आहे ते बघा.

पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी.सह एकूण आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षं पीएच.डी.नंतरची, शिवाय सहा शोधनिबंध. गाइड होण्यासाठी सहायक प्राध्यापकाला पाच वर्षांचा अनुभव आणि तीन शोधनिबंध पुरतात. माझ्या निबंधांची भर पडायची आहे. ती पडली की नंदुरबारच्या मिरचीवाल्यांवर किंवा रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांवर काम करू पाहणाऱ्यांना मी नक्की घेईन. तोवर दोन पानांचा विषय लिहून आणा, मी वाचून खुणा करून देईन. शनिवारी दुपारी मी कॉलेजातच असते.